चव्वेचाळीसशे सतरा

वाचनालयात पुस्तक हवं तर चिठ्ठी लिहावी लागे.
काउंटरवर लोणकर. ते चिठ्ठी मोठ्यानं वाचत,
आतल्या पोऱ्याला ऐकू जावं म्हणून.
"मज्जातंतूंचे आनुवंशिक विकार, दुसरी आवृत्ती!"
मी अकरावीत होते. आप्पांच्या हातून
कपबशी नुकतीच निसटू लागली होती.
संध्याकाळी जिन्यात वैशंपायन वहिनींनी थांबवलं,
"घरी सगळं बरं ना गं?"

उत्तर एक वेळ पोटात राहतं.
फितूर होतो तो प्रश्न.

आता पाषाणला, तळघरातल्या प्रयोगशाळेत
माझं काम चिठ्ठ्यांचंच आहे.
एक सर्व्हर हडपसरला, एक भोसरीला.
दोघांकडे तीच नोंदवही, दहा हजार ओळी,
ओळीत शून्य नाहीतर एक.
दोघांत अबोला. तो मोडला तर सगळंच मोडलं,
म्हणून आम्ही तो जपतो
भावकीत जपतात तसा,
बांधाचं भांडण कशावरून ते विसरल्यावरही.

हडपसरला मी यादी धाडते,
नाणं उडवून निवडलेल्या निम्म्याशिम्म्या ओळी:
यांत एक किती, सम की विषम, एवढंच सांग.
भोसरीला तीच यादी,
एका ओळीचा फरक.
दोन उत्तरांच्या फटीत माझी ओळ असते.
त्यांना वेगवेगळं गाठून विचारा,
शपथेवर सांगतील,
बाई आली होती, कशाला ते कळलं नाही.

याद्या कुलपात जातात. कुलपाची किल्ली
प्रकाशाच्या एकेका कणानं येते,
गणेशखिंडीखालून, मेट्रोच्या खांबांच्या मुळांशेजारून,
यंदा तिसऱ्यांदा खणलेल्या रस्त्याच्या पोटातून.
वाटेत कुणी डोकावलं तर कण बिथरतात,
चुकांचा आकडा चढतो,
आम्ही ती किल्ली टाकून देतो.
इरफान मुजावर म्हणतो,
हे पाकीट उघडलं की पाकीटच बोंबलतं.
मंगळवारी जेसीबीनं केबल तोडली.
क्वांटम राहिलं बाजूला,
दोन दिवस आम्ही ठेकेदाराला फोन लावत होतो.

गुरुवारी चाचणी. खरी नोंदवही,
नावं काढलेली, नुसते क्रमांक.
इरफान म्हणाला, कुठलीही ओळ माग.
माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात
चार वर्षं एक पिवळं कार्ड आहे,
आप्पांच्या तेराव्यानंतर रक्त दिलं त्याची पावती.
निकाल आणायला गेले नाही.
खिडकीतली मुलगी क्रमांक टाइप करेल
आणि मान वर करून बघेल,
एवढ्याच भीतीनं.

मी क्रमांक टाकला.
शेजारच्या टेबलावर कुणी डबा उघडला, मेथीचा वास.
हडपसर म्हणालं, विषम.
एवढं तुम्हाला सांगते.
भोसरी काय म्हणालं ते नाही.

इरफाननं विचारलं, जुळलं?
मी म्हटलं, जुळलं.
त्यानं वहीत टिक केली, वेळ लिहिली,
तीन वाजून अकरा.

खालची ओळ मंजिरीची.
त्याच दिवशी, त्याच बाकावर बसून,
तिनं डोळे मिटून बाही वर केली होती.
हात तिथंवर जात होता माझा, खोटं कशाला बोलू.
पण अबोला धरण्याआधी
त्या दोघांनी आपसांत एक गुपित ठरवून ठेवलंय,
त्यामुळं मागणाऱ्याच्या पदरात एकच ओळ पडते,
बाकी सगळी नुसती खरखर.
ही अट मीच लिहिली होती,
गेल्या वर्षी, मसुद्याच्या सहाव्या पानावर,
सर्व्हरच्या मालकाचं हित म्हणून.

रात्री तिचा फोन.
"काय केलंस आज?"
चाचणी होती, झाली.
"बरं."
मग आम्ही दोघी
काही न विचारता फोन धरून बसलो.
तिच्याकडे कुणीतरी मिक्सर लावला,
तो बंद होईपर्यंत.